गिटार न येणारे गिटारकार : लिओ फेंडर

मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी मंडळींच्या स्मरणिकांतून थोरामोठ्यांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. त्या प्रघाताला धरूनच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे. मात्र चरित्रनायक आपल्या नेहमीच्या ओळखीतले नाहीत. ते ना संत, ना सेनानी, ना साहित्यिक. कॅलिफोर्नियातील एका लहानशा गावात रेडिओ दुरुस्त करणारे ते एक गृहस्थ. पण आज आपल्या कितीतरी घरांतून हार्मोनियमच्या शेजारी गिटार टेकून उभी असते. मंडळाच्या स्नेहसंमेलनात नातवंडे ती गळ्यात अडकवून व्यासपीठावर येतात आणि तिच्यासोबतच्या काळ्या चौकोनी पेटीतून असा काही आवाज निघतो की पहिल्या रांगेतील आजोबा कानांवर हात ठेवतात. ती गिटार आणि ती पेटी, दोहोंना आजचे रूप देण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते क्लॅरन्स लिओनिडास फेंडर, म्हणजेच लिओ फेंडर, कोण होते हे आजोबांना आणि नातवंडांना, दोघांनाही ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

या चरित्रात एक विलक्षण विसंगती आहे. फेंडर यांनी जन्मभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला : तारेचा आवाज जसा आहे तसा, स्वच्छ आणि निखळ, पण मोठा ऐकू यावा. जगाने त्यांना डोक्यावर घेतले ते पुष्कळ अंशी त्यांच्या पेटीतून निघणाऱ्या फाटक्या, खरबरीत आवाजासाठी. ज्या दोषाशी ते झगडले तोच दोष आज कारखान्यांतून मोजूनमापून पुन्हा घडवला जातो आणि रसिक तो भारी किंमत देऊन घरी नेतात.

१० ऑगस्ट १९०९ रोजी अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात, आईवडिलांच्या संत्र्यांच्या बागेत लिओ यांचा जन्म झाला; तोही घरात नव्हे, बागेतल्या कोठारात. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढून काचेचा बसवावा लागला. शेतकऱ्याचे पोर, त्यात एका डोळ्याने अधू. हाताशी जे येईल ते उघडून पाहण्याचा नाद मात्र जबर. १९२२ मध्ये सांता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवणाऱ्या मामांनी त्यांना जुन्या सुट्या भागांचे एक खोके धाडले. पुढच्या वर्षी लिओ तेथे गेले, तेव्हा दुकानाच्या दर्शनी भागात मामांनी असेच भाग जुळवून केलेला रेडिओ ठेवला होता आणि त्याच्या कर्ण्यातून मोठ्याने संगीत वाहत होते. त्या आवाजाचा ठसा आपल्या मनावरून कधीच पुसला गेला नाही, असे ते वृद्धपणीही सांगत. प्रारंभी ते पियानो शिकले, मग सॅक्सोफोन. गिटार ते कधीच शिकले नाहीत. ती धड सुरात लावणेही त्यांना जमत नसे.

शिक्षण म्हणाल तर हिशेबनिसाचे. १९२८ मध्ये शाळा संपल्यावर फुलर्टनच्याच कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी जमाखर्चाचा विषय घेतला. विद्युतशास्त्राचे रीतसर पाठ त्यांनी कोठेही गिरवले नाहीत. बर्फाच्या कारखान्यात माल पोहोचवणे, मग तेथेच वह्या लिहिणे, १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी विवाह, पुढे राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनीस, अशी त्यांची पहिली वर्षे गेली. ती महामंदीची वर्षे होती. महामार्ग खात्यातील जागा रद्द झाली. पुढे टायरच्या एका कंपनीत काम मिळाले, तेही सहा महिन्यांत सुटले. तेव्हा १९३८ मध्ये उसने ६०० डॉलर घेऊन लिओ फुलर्टनला परतले आणि त्यांनी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ या नावाची पाटी लावली. नोकरी गेली नसती तर हा मनुष्य सरकारी वह्यांतच आयुष्य काढता, हे नोकरीनिमित्त मुलूख सोडलेल्या आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या दुकानापाशी जरा थांबले पाहिजे, कारण पुढचे सर्व काही येथेच शिजले. लिओ रेडिओ दुरुस्त करीत, तबकड्या विकत, सभासमारंभांना ध्वनिवर्धक भाड्याने देत. गावोगाव हिंडणाऱ्या वादकांचे बिघडलेले ध्वनिवर्धकही त्यांच्याकडेच येऊ लागले. दुसऱ्याने केलेली वस्तू कोठे आणि का मोडते, हे दुरुस्ती करणाऱ्याइतके कोणालाच कळत नाही. कोठे डाख निसटतो, कोठे ट्रान्स्फॉर्मर तापून जळतो, कोणता भाग इतक्या अडचणीत बसवलेला असतो की तो बदलण्यासाठी सगळे यंत्र उसकटावे लागते, हे सर्व त्यांनी हाताने अनुभवले. वादकाची वस्तू रात्री मोडली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपूर्वी ती चालू झाली पाहिजे, नाहीतर त्याची बिदागी बुडाली. हे सूत्र त्यांनी पुढे स्वतः केलेल्या प्रत्येक वस्तूला लावले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्लेटन ऊर्फ ‘डॉक’ कॉफमन या हरहुन्नरी माणसाशी त्यांची गाठ पडली. काचेच्या डोळ्यामुळे लिओ यांना सैन्यात घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांनी मिळून मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांब फिरवीत वाजवायची विजेची हवाईयन गिटार आणि तिच्या जोडीला लहानसा ध्वनिवर्धक असा संच १९४५ पासून विकावयास आरंभ केला. ज्या वाचकांनी १९५० ते १९७० च्या दरम्यान मुंबईच्या व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ऐकल्या असतील, त्यांच्या कानांत त्या जातीच्या वाद्याची ती लांबत जाणारी, गळ्यासारखी मींड अजूनही असेल. आपल्या संगीताला ती इतकी मानवली यात नवल नाही. फेंडर यांच्या कामाची सुरुवात त्याच वाद्यापासून झाली.

वाढत्या धंद्याचा आणि कर्जाचा धसका घेऊन १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाले. लिओ यांनी तो धसका घेतला नाही. पैशांची ओढाताण मात्र भयंकर होती. दूरध्वनी कंपनीत नोकरी करणाऱ्या एस्थरबाईंच्या पगारावर कित्येकदा घर चालले. चरित्रांतून अशा स्त्रियांना एका ओळीवर जागा मिळत नाही, आणि आम्हीही येथे दुसरे काही करू शकत नाही, कारण त्यांच्याविषयी लिहिलेले फार थोडे आहे.

आता त्या पेटीकडे वळू. गिटारच्या पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा अगदी क्षीण प्रवाह तशाच लहरींनी उमटतो. त्या क्षीण प्रवाहाला बळ देऊन स्पीकरचा कागदी पडदा हलवता येईल इतका मोठा करावयाचा, हे ध्वनिवर्धकाचे काम. त्या काळी हे काम व्हॉल्व्ह करीत; आपल्या घरच्या जुन्या रेडिओत मंद तांबूस उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या, त्याच ह्या. फेंडर यांच्या पेट्यांतील विद्युतमंडलाची मूळ मांडणी काही त्यांच्या कल्पनेतून उपजलेली नव्हती. वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांचे शोध वापरण्याची परवानगी घेतल्याची नोंद पेटीत चिकटवलेल्या कागदावरच छापलेली असे. त्यांचे कर्तृत्व मांडणीत आणि निवडीत होते. मेणात भिजवलेल्या फायबरच्या पट्टीवर कंडेन्सर आणि रोधक ओळीने मांडलेले, प्रत्येक तार उघड दिसणारी, कोणता व्हॉल्व्ह कोठे हे पेटीच्या आतच चिकटवलेल्या तक्त्यावर लिहिलेले. पेटी पाइनच्या हलक्या फळ्यांची. त्यांची टोके दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी बसवलेली. वरून प्रवासी पेट्यांना लावत तसले पिवळसर, तिरप्या विणीचे कापड. त्यावरून १९४८ ते १९६० या काळातील पेट्यांना ‘ट्वीड’ हे नाव पडले. खरे ट्वीड ते नव्हेच, पण नाव रूढ झाले ते झाले.

नमुन्यांना दिलेल्या क्रमांकांतही हिशेबनिसाचा हात दिसतो. ‘५एफ६-ए’ या क्रमांकातील ५ म्हणजे १९५० नंतरचे दशक, एफ म्हणजे मंडलात केलेल्या सुधारणेचा टप्पा, ६ म्हणजे ‘बेसमन’ हा नमुना. ए, बी, सी, डी अशी अक्षरे पुढे सरकत गेली, याचा अर्थ असा की हा मनुष्य एकदा जमलेल्या वस्तूवर कधी समाधान मानून राहिला नाही. ज्यांना फेंडरच्या जुन्या पेट्या मूर्तीसारख्या पूजाव्याशा वाटतात, त्यांनी हे अक्षर विसरू नये.

कारखान्यात डाख देण्याचे आणि तारा जोडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. त्यांतल्या कितीतरी मेक्सिकन वंशाच्या होत्या. जोडणी पूर्ण झाली की चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपले नाव लिहून ती आतल्या पत्र्याला लावण्याची पद्धत होती. आज जुनी पेटी उघडणारे संग्राहक त्या नावाचा तुकडा शाबूत आहे का, हे आधी पाहतात. त्या स्त्रियांना हे कळले असते तर त्या बहुधा हसल्या असत्या.

१९५० मध्ये फेंडर यांनी भरीव लाकडाची, पोकळ पोट नसलेली गिटार बाजारात आणली. तीच पुढे ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली गेली. १९५१ मध्ये माणसाएवढ्या उंच उभ्या बास वाद्याऐवजी गळ्यात अडकवता येणारी ‘प्रिसिजन बास’ आली आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’. या वाद्यांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, म्हणून आम्ही त्यांचा विस्तार करीत नाही. एक गंमत तेवढी सांगण्याजोगी आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीने स्वर वरखाली हलतो, आणि त्यांच्या ध्वनिवर्धकांतील एका सोयीने आवाज लहानमोठा होत राहतो. संगीतशास्त्राप्रमाणे पहिल्याला व्हायब्रॅटो आणि दुसऱ्याला ट्रेमोलो म्हणावयाचे. फेंडर यांनी नेमकी उलटी नावे दिली आणि सारे जग आज तीच चालवते! वाद्य न येणाऱ्या माणसाच्या हातून झालेली ही अदलाबदल आहे. पण न येण्याचा लाभही त्यांनी जाणला होता. आपल्याला कळत नाही म्हणून ते वादकांना विचारीत, त्यांच्या हाती नमुना देत आणि रात्री नाचघरांत जाऊन तो कसा टिकतो ते पाहत. हवाई बेटांवर जन्मलेले कसबी वादक फ्रेडी टावारेस यांना तर त्यांनी १९५३ मध्ये कारखान्यातच घेतले.

नव्या बाससाठी पुरेसा दणकट ध्वनिवर्धक हवा म्हणून १९५२ मध्ये ‘बेसमन’ आला. आरंभी त्यात १५ इंचांचा एकच स्पीकर होता. मंद्र सप्तकातील स्वरांचे धक्के तो सोसेना, म्हणून पुढे १० इंचांचे चार स्पीकर बसवण्यात आले. १९५८ ते १९६० मधील ५एफ६-ए हा त्याचा पक्व नमुना. सुमारे ४५ वॅट शक्तीची ही पेटी बास वाजवणाऱ्यांसाठी केलेली. तिच्यावर खरा जीव जडला तो साध्या गिटारवाल्यांचा. शिकागोच्या ब्लूज वादकांपैकी बडी गाय यांनी ती आपलीशी केली.

आणि येथेच तो दोष पुढे आला. ध्वनिवर्धकाची खुंटी थोडीशीच फिरवली तर आवाज स्वच्छ असतो. ती शेवटपर्यंत पिळली की व्हॉल्व्ह आपल्या ताकदीच्या पलीकडे जातात, लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. शिवाय भिंतीवरची विजेची आंदोलने एका दिशेला वळवणारा व्हॉल्व्ह एकदम मोठी मागणी आली की किंचित दबतो. त्यामुळे जोरात छेडलेला स्वर आधी आवळल्यासारखा होतो आणि मग फुलतो. अभियंत्याच्या दृष्टीने हे सगळे विकृत. फेंडर यांच्याही दृष्टीने विकृतच. म्हणून तर ते एकामागून एक सुधारणा करून पेटी अधिक जोरकस आणि अधिक स्वच्छ करीत राहिले. वादकांच्या बोटांना मात्र त्यात जीव जाणवला.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा ते काय करतात? तार घोडीला निमूट न टेकता तिच्या उतारावर घासून झणझणावी, असाच तो घाट असतो. त्या घासण्यातून उपस्वरांचे मोहोळ उठते आणि गायकाला त्यात बुडी मारता येते. निर्मळ, सुटी वाजणारी तार आपण मुकी म्हणून नापसंत करतो. मिरजेच्या कारागिराला ती झणझण हवी असते आणि फुलर्टनच्या कारागिराला ती नको होती, एवढाच काय तो भेद. कान दोन्हीकडचे सारखेच.

१९६० च्या सुमारास डिक डेल नावाच्या समुद्रकाठच्या तरुण वादकाने फेंडर यांच्या पेट्या एकामागून एक जाळल्या, इतका तो त्या जोरात वाजवी. लिओ आणि टावारेस त्याचे वादन ऐकावयास नाचघरात गेले, हजारोंच्या गर्दीत उभे राहिले आणि त्याला खरोखर किती आवाज लागतो हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले. त्यातून मोठ्या ट्रान्स्फॉर्मरचा ‘शोमन’ जन्मला. १९६३ मध्ये ‘व्हायब्रोव्हर्ब’ या पेटीत प्रथमच आतल्या आत घुमारा देणारी सोय आली; हॅमंड ऑर्गन कंपनीने काढलेल्या युक्तीप्रमाणे आवाज लांब स्प्रिंगांतून फिरवून आणला की देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा तो घुमतो. पाठोपाठ काळ्या आवरणाचा ‘ट्विन रिव्हर्ब’ आला. जोराचा, स्वच्छ, आरशासारखा लख्ख आवाज. फेंडर यांचा ध्यास येथे बराचसा पुरा झाला.

तिकडे लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेतून येणारे ध्वनिवर्धक तेथे फार महाग पडत. १९६२ मध्ये मार्शल यांच्या माणसांनी बेसमनचा ५एफ६-ए नमुना समोर ठेवून इंग्लंडात मिळणारे भाग वापरून तसाच ध्वनिवर्धक जुळवला. मंडल जवळजवळ तेच. व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर आणि स्पीकर निराळे, आणि स्पीकरची पेटी मागून बंद. एवढ्याने आवाज लवकर फाटू लागला आणि गुरगुरू लागला. पुढे जिमी हेंड्रिक्स व्यासपीठावर आले ते फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आणि मार्शलचे ध्वनिवर्धक घेऊन. म्हणजे एक अपत्य औरस आणि दुसरे दूरदेशी वाढलेले, दोन्ही त्याच फुलर्टनच्या टेबलावरचे.

एवढ्या भरभराटीत लिओ यांनी कारखाना विकला. १९५५ पासून त्यांना घशाच्या आणि नाकाच्या जंतुसंसर्गाने पछाडले होते. आपले आता फार दिवस उरले नाहीत, अशी त्यांची समजूत झाली आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रक्षेपण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला सारा व्यवसाय घेतला. न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघाचा ऐंशी टक्के हिस्सा याच कंपनीने आदल्या वर्षी याहून कमी किमतीत घेतला होता. कारखान्याबरोबर लिओ यांचे नावही गेले. फेंडर या नावाची मुद्रा आता दुसऱ्याची झाली. त्यानंतर एका डॉक्टरांनी प्रतिजैविकांचा जबरदस्त मारा केला आणि ते खडखडीत बरे झाले!

नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे ध्वनिवर्धक काढले. ते फसले आणि काही वर्षांतच बंद करावे लागले. १९६८ पासून पेट्यांचा दर्शनी पत्रा रुपेरी झाला, आतील मंडलातही फेरफार झाले. सीबीएसने सगळेच बिघडवले ही वादकांत रूढ झालेली समजूत आम्हांस अतिरेकी वाटते. बीटल्सनी ३० जानेवारी १९६९ रोजी गच्चीवर केलेले अखेरचे जाहीर वादन रुपेरी ट्विन रिव्हर्बमधूनच झाले आणि ते काही वाईट वाजले नाही. पण त्या समजुतीतून एक गोष्ट घडली. विक्रीपूर्वीचे ते सगळे चांगले, असे मानून लोक जुन्या पेट्या हुडकू लागले. कालपर्यंत गहाणवट दुकानांत धूळ खात पडलेल्या ट्वीड पेट्यांना भाव चढला. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये ‘लैला’ची तबकडी मुद्रित करताना अवघ्या पाच वॅटांची, विद्यार्थ्यांसाठी केलेली ‘चॅम्प’ पेटी वापरली, आणि नील यंग यांनी १९५९ चा ‘डिलक्स’ जन्मभर सोडला नाही. अशा उदाहरणांनी त्या ओढीला बळ आले.

१९८५ मध्ये बिल शुल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीबीएसकडून फेंडर कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही कमी. फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. हाती होते ते नाव आणि जुनी कीर्ती. मग कीर्तीच विकावयाची असे ठरले, आणि १९९० मध्ये १९५९ च्या बेसमनची नवी आवृत्ती निघाली. दुर्मिळ पोथीची जशीच्या तशी प्रत छापावी तसा हा प्रकार. रूप हुबेहूब, पण आत हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील मंडलाची पाटी. जाणकारांनी नाके मुरडली. पुढे पाइनच्या फळ्या आणि एकदिशकारक व्हॉल्व्ह परत आणावे लागले. त्यानंतर जुन्या पद्धतीने हाताने जोडलेल्या महाग आवृत्त्याही आल्या. २०१९ मध्ये तर कंपनीने डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब अशा स्वरूपात आणले की त्यांत एकही व्हॉल्व्ह नाही. व्हॉल्व्ह कसा दबेल आणि कसा फाटेल याचे गणित संगणकाची चकती करते.

जुने खरे की नवे, हा वाद आम्हांस अनेकदा विचारला जातो. आमचे मत असे की जुन्या पेटीत दोन वस्तू एकत्र आहेत, एक कारागिराची आणि एक काळाची. कागदी स्पीकर पन्नास-साठ वर्षे थरथरून मऊ पडलेला असतो. ती काळाची कामगिरी, ती कोणत्याही कारखान्यास पहिल्या दिवशी देता येणार नाही. पण काळाने बिघडवलेलेही पुष्कळ असते. कंडेन्सर वाळतात, मेण लावलेली फायबरची पट्टी दमट हवेत ओल धरते आणि नको तेथून वीज झिरपू देते. व्हॉल्व्ह तर आता अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात क्वचितच होतात; ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, मग पेटी कितीही जुनी असो. ज्यास रोज वाजवावयाचे आहे आणि परगावी न्यावयाचे आहे त्याने निःशंकपणे नवी आवृत्ती घ्यावी. आणि कोणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक असेलच, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, तर मुलांनी तो कुतूहलाने उघडू नये. आतील कंडेन्सरांत चारशेहून अधिक व्होल्टचा दाब बटण बंद केल्यावरही टिकून असतो. जाणत्या कारागिराकडेच तो द्यावा.

लिओ फेंडर या वादात कोठे होते? बरे झाल्यावर त्यांना घरी बसवेना. नौकाविहाराची आणि छायाचित्रणाची हौस होती, पण ती किती पुरणार? दहा वर्षे स्पर्धा न करण्याचा करार होता. तो संपत आल्यावर १९७५ मध्ये ते जुन्या सहकाऱ्यांच्या ‘म्युझिक मॅन’ कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या कंपनीचे ध्वनिवर्धक पुढून ट्रान्झिस्टरचे आणि शेवटी व्हॉल्व्हचे असे मिश्र होते. व्हॉल्व्हच पवित्र, असा आग्रह त्यांच्या लेखी नव्हता. १९७९ मध्ये एस्थरबाई निवर्तल्या. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन या जुन्या मित्रासह त्यांनी ‘जी अँड एल’ ही नवी कंपनी काढली आणि १९८० मध्ये फिलिस यांच्याशी दुसरा विवाह केला. कंपनीचा कारखाना फुलर्टन गावी ज्या रस्त्यावर होता त्या रस्त्याचे नाव फेंडर अ‍ॅव्हेन्यू. रस्त्यावर त्यांचे नाव होते. आपल्या हाताने केलेल्या गिटारच्या माथ्यावर ते लिहिण्याचा अधिकार मात्र त्यांना उरला नव्हता.

त्या कारखान्यात ते रोज जात. चुंबकाची नवी मांडणी, स्वर हलवणाऱ्या दांडीची नवी टेकणी, असे काही ना काही चालू असे. पूर्वी केले ते सर्व कच्चे होते आणि आता करतो आहोत तेच आपले उत्तम काम, असे ते निःसंकोचपणे सांगत. १९९० मध्ये त्यांच्या नावाची कंपनी त्यांच्या १९५९ च्या पेटीची प्रत काढीत होती, त्या वेळी ८१ वर्षांचे लिओ कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी पुढचा नमुना जुळवीत होते. १९५९ मध्ये जे केले ते १९६० मध्ये बदलण्यासाठीच होते, असे मानणाऱ्या माणसाला आपल्याच जुन्या चुकांसकट केलेली ती प्रत पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

२० मार्च १९९१ रोजी ते नित्याप्रमाणे कामावर गेले होते. दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला, त्यांचा देहान्त झाला. पुढच्या वर्षी रॉक संगीताच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचे नाव घालण्यात आले. जी अँड एलच्या कारखान्यातील त्यांची कामाची खोली, टेबलावरच्या हत्यारांसह, नंतर कित्येक वर्षे जशीच्या तशी ठेवलेली होती.